अक्षताची झोप

झोळीचा दोर हातात धरून शेवंताबाईनं धाकट्या बहिणीच्या, तानाबाईच्या सोप्यात सगळ्यांना दम भरला होता. मिक्सर लावायचा नाही, रेडिओ लावायचा नाही. कोंबड्यासुद्धा तिनं परड्यात हाकलल्या होत्या. तरी झोळीतली तिची नात, दीड वर्षाची अक्षता, टक्क जागी. डोळा लागतोय म्हणेपर्यंत दचकायची, रडायची, आणि रडली की खोकल्याची उबळ.

कबनूरमधल्या पुष्कळ पोरांसारखी अक्षताही मागाच्या खडखडाटात वाढलेली. घरातच चार यंत्रमाग. सून सोनम माग चालवायची आणि झोळी तिथंच, तिच्या डोळ्यांसमोर टांगलेली. कापसाची बारीक धूळ पोरीच्या पापण्यांवर पिठासारखी बसायची, आणि घरच्यांना त्याचंही कौतुक. छातीत शिट्टी वाजायला लागली तेव्हा कुठं इचलकरंजीचा डॉक्टर गाठला. तो खेकसलाच, "आधी हिला त्या धुळीतनं बाहेर काढा!"

म्हणून चार दिवस आजी-नातीचा मुक्काम दोन गल्ल्या पलीकडं, तानाबाईच्या घरी. शिट्टी बारीक झाली होती, पण झोप पार उडाली होती. सकाळी सोनम येऊन सासूला म्हणाली होती, "आत्या, आज बी न्हाय झोपली तर मी तिला परत मागापाशी नेणार. पोरगी वाळून चालली की." तेव्हापासून शेवंताबाईनं झोळीचा दोर सोडला नव्हता.

"आगं, आता आमी श्वास तरी घ्यायचा का न्हाय?" तानाबाईनं दारातून विचारलं.

"हळू घे."

तेवढ्यात शेवंताबाईचा नवरा धोंडीराम आला. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस. निम्मं ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलणं सगळं ओरडून.

"झोपली काय गं?" तो उंबऱ्यातून गरजला.

शेवंताबाई त्याला खाऊ की गिळू करत उठली. पण झोळीतलं रडणं थांबलं होतं. अक्षता मान वळवून आज्याकडं बघत होती.

धोंडीरामनं चिडीचूप सोप्यावर नजर फिरवली. "आसं मसणवट्यावानी करून ठिवल्यावर पोरगी भ्यानार न्हाय तर काय? लाईट जाऊन माग बंद पडलं की मला तरी झोप लागत्या व्हय?"

त्यानं तानाबाईच्या चुलीपासचं लाटणं उचललं, पाट पुढ्यात ओढला आणि मांडी घालून बसला. खटक-फटक, खटक-फटक. कान गेले होते, पण मागाची लय हातात शाबूत होती.

अक्षतानं अंगठा तोंडात घातला. पापण्या जड झाल्या. पाट दणदणत होता, परड्यात कोंबड्या कलकलत होत्या, आणि पोरगी गाढ झोपली.

"माझं लाटणं मोडंल की वं दाजी!" तानाबाई हसत म्हणाली. त्याला ते ऐकू गेलं नाही.

शेवंताबाईनं झोळीत वाकून नातीच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"अवं, शिट्टी वाजत न्हाय," ती म्हणाली.

"आँ?"

तिनं त्याचा डावा हात धरला आणि झोळीत, अक्षताच्या छातीवर ठेवला. इवलीशी छाती त्याच्या पंजाखाली सावकाश वर येत होती, सावकाश खाली जात होती.

धोंडीराम आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "सोनमला बोलवून दाखीव जा."

उजव्या हातातलं लाटणं मात्र त्यानं थांबवलं नाही.