बेटावरचं बजेट

कल्पना करा बाळांनो, मस्कतहून निघालेलं क्रूझ तीन बेटांवर थांबणार आहे आणि खरेदीसाठी बाबांनी उर्वीला दर बेटामागे एक रियाल दिलाय.

पहिल्या दोन बेटांवर उर्वीने साधं आइस्क्रीमसुद्धा घेतलं नाही. ती आता मोठी झाली, म्हणून तिला सांभाळणारी नसीबाखाला कायमची रत्नागिरीला निघाली होती. तिसऱ्या बेटावर तिन्ही रियाल मिळून खालासाठी शाल घ्यायची होती.

तिथे उतरताच बाबांनी मागचे दोन रियाल काढून घेतले.

"आमच्या ऑफिसात न वापरलेलं बजेट परत जातं, बेटा. खर्च नाही, म्हणजे गरज नव्हती. खलास!"

उरलेल्या रियालचं उर्वीने आइस्क्रीम खाल्लं.

घरी बॅग भरता भरता खालाने विचारलं, "मला फोन करशील ना, बाय?"

उर्वी बाबांच्याच सुरात म्हणाली, "गरज नाही."