डावा कोपरा

रिव्हर्स टाकला की ताईच्या गाडीचा मागचा डावा सेन्सर बोंबलायचा, आणि मागे तर मोकळं अंगण. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते, म्हणून मला भलताच चेव चढला होता.

ताई आत बसून स्क्रीन वाचत होती. मी डाव्या-उजव्या सेन्सरची अदलाबदल केली आणि गाडीच्या बाजूला सरकून बसलो.

"डावीकडेच. एक मीटर."

वायर नवी टाकली, पुन्हा बाजूला झालो.

"डावीकडेच. अर्धा."

"सापडलं," मी उठून गाडीच्या मागे, उजव्या बाजूला जात म्हणालो. "सेन्सर चांगला, वायर चांगली. म्हणजे गाडी खरं तेच सांगतेय."

बोललो, आणि माझं मलाच ऐकू आलं.

"डावं थांबलं रे," ताई खुशीत म्हणाली. "आता उजवीकडे. अर्धा मीटर. एक. दीड. गाडीपासून लांब चाललंय बघ."

मी केव्हाचा दोन मीटरवर, जागच्या जागी उभा होतो.