थंड पाणी

बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे. टोनर, म्हणजे मशीनमधला काळा भुगा, सांडला की फुंकायचा नाही, चोळायचा नाही, थंड पाण्यानेच धुवायचा. गरम काही लागलं तर डाग जन्मभराचा, हे बाळकडू मला तिथेच मिळालं. हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांनी मला लहानपणी कधी जवळ घेतलं नाही. आज नोकरीसाठी परगावी निघण्यापूर्वी मी दुकानात गेले, तेव्हा ते टोनरचं फुटकं कार्ट्रिज आवरत होते. मी "येते हं" म्हणाले आणि ते हात धुवायचं विसरले. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर पाच काळी बोटं उमटली. "अगं, चोळू नकोस," ते ओशाळून म्हणाले. "थंड पाण्याखाली धर, निघेल." घरी आईने कपाळाला हात लावला. "या माणसाला आजचाच मुहूर्त मिळाला? आण इकडे, धुते." "असू दे, मीच बघते," म्हणत मी शर्ट काढला आणि इस्त्री तापत ठेवली.