थोरल्या जावयाचा हुक

आक्का नव्या पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून आल्या आणि आकारामच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन थांबेल असलं ते दुखणं नव्हतं.

उद्यमनगरातल्या त्याच्या वेल्डिंगच्या शेडसमोर गाडी थांबली. धाकटा साडू अमरसिंह उडी मारून उतरला, पलीकडे पळाला आणि त्यानं सासूला, आक्कांना, हाताला धरून खाली घेतलं. आकारामच्या मोटारसायकलवर आक्का कधी बसल्या नव्हत्या. त्यांना म्हणे भीती वाटायची. एवढ्या उंच सीटवर चढताना ती भीती कुठं गेली होती, कुणास ठाऊक.

अमरसिंहला गाडीला मागं हुक बसवून हवा होता. भारनियमनाचे दिवस, लग्नसराई तोंडावर. ट्रॉलीवर जनरेटर चढवून लग्नांना भाड्यानं द्यायचा त्याचा बेत होता. जनरेटर चढवलेली ट्रॉली शेडच्या दारातच उभी होती, हुकही तयार होता. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरलाही नसेल इतका जाडजूड. एक प्लेट पुरली असती तिथं आकारामनं दोन घातल्या होत्या आणि वर वेल्डिंगच्या थेंबांनी स्वतःचं नाव काढलं होतं. साडूची गाडी जाईल तिथं लोकांनी गाडीच्या आधी हे नाव बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

"लई दणकट केलायसा की, साडूभाऊ!" अमरसिंह म्हणाला.

आकारामनं ते ऐकलंच नाही. त्याचं लक्ष आक्कांकडं होतं, आणि आक्का पिकअपच्या तोंडापुढून हलायला तयार नव्हत्या. त्यांनी बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं ओढली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पिशवीतून नारळ काढला. सासरवाडीत पहिलं ताट थोरल्या जावयाचं आणि पहिला नारळही थोरल्या जावयाचा; आजवर त्यात कधी चूक झाली नव्हती. आकारामनं हात पुसून पुढं केला.

"फोडा, धाकटं पावणं," म्हणत आक्कांनी नारळ अमरसिंहच्या हातात दिला.

आकारामचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो डोकं खाजवायला वर नेला, पण त्याच्या बायकोनं, शालननं, बघायचं ते बघितलं होतं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आवरा आता बिगीबिगी," आक्का म्हणाल्या. "गाडीनं वझं वडलेलं बघितल्याबिगार मी पानी बी पेनार न्हाय."

गाडीच्या चॅसीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टांसाठी भोकं पाडून झाली होती. शालननं बोल्टांचा डबा आणून त्याच्याजवळ ठेवला. चॅसीला वेल्डिंग मारायचं नसतं, बोल्टच लावायचे असतात, हे नवऱ्याच्या तोंडून ऐकून ऐकून तिलाही पाठ झालं होतं. आकारामनं पायानं डबा ढकलला. बोल्ट खळ्ळकन फरशीवर सांडले. बोल्ट काय, उद्या कुणीही पाना लावून काढेल! हा हुक निघता कामा नये. साडूनं गाडी विकली तरी निघता कामा नये.

"बोल्ट न्हाईत लावायचं?" अमरसिंहनं विचारलं.

"बोल्ट सुटत्यात," आकाराम म्हणाला. "माजं काम सुटत न्हाय."

तो गाडीखाली शिरला. एका रॉडवर दुसरा रॉड जाळत त्यानं हुक चारी बाजूंनी चॅसीला जोडून टाकला आणि लाल झालेल्या जोडावर घाईनं बादलीभर पाणी ओतलं. वाफेनं शेड भरून गेली. असं पाणी मारलं की शेजारचं लोखंड कडक होतं आणि कडक लोखंड वाकत नाही, तुटतं. हे तो दुसऱ्यांना ओरडून सांगत असे.

ट्रॉली जोडली. तिची चाकं दारातल्या गटारीत रुतली होती. अमरसिंहनं हळूच क्लच सोडला. ट्रॉली हलली नाही.

तेवढ्यात आक्का पहिल्यांदाच चालत गाडीच्या मागं आल्या. आकारामची छाती फुगली.

"भ्या वाटतंय व्हय, पावणं?" तो ओरडला. "द्या की रेस! हुकाला काय बी हुईत न्हाय!"

अमरसिंहनं रेस दिली. कडाडकन आवाज झाला आणि पिकअप एकदम हलकी होऊन पुढं पळाली. ट्रॉलीची दांडी खाली आपटली. हुक दांडीत पक्का होता. हुकाला चिकटून नव्या गाडीच्या चॅसीचा हातभर तुकडा आला होता.

अमरसिंह खाली उतरला. गाडीच्या मागं आता उघडं पडलेलं लोखंड त्यानं चाचपलं आणि तिथंच मातीत बसला. संध्याकाळी गारगोटीला जनरेटर द्यायचं त्याचं पहिलं लग्न होतं.

आकारामला वाईट वाटलं. पण त्याच्या आधी क्षणभर बरं वाटलं होतं, आणि ते त्याचं त्याला कळलं.

आक्का हुकावर वाकल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. थेंबांच्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कसली नक्षी ही?"

"नाव हाय त्यांचं," शालन म्हणाली.

आक्कांनी फुटलेल्या नारळाचं अर्धं भकल उचललं आणि आकारामच्या हातावर ठेवलं.

"घ्या, थोरलं पावणं," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "गाडीच कच्ची निगाली. तुमचा हुक मातूर सुटला न्हाय की!"

शेडमध्ये शालन सांडलेले बोल्ट वेचत होती आणि एकेक करून डब्यात टाकत होती, सगळ्यांना आवाज ऐकू जाईल असे.