दोन वाट्या

लेकीनं बारामतीला नेऊन हौसेनं करून दिलेली कवळी कळस गावच्या श्रीपतीआबांनी महिन्याभरात एकदाही तोंडात घातली नव्हती. भाकरीचे तुकडे तसेच गिळायचे आणि दुपारभर पोट धरून बसायचे.

कोंबड्यांपुढं मात्र रोज न चुकता बारीक खडे टाकायचे आणि येईल त्याला ऐकवायचे, "दात न्हाईत ओ बिचाऱ्यांना! पोटात खडे असल्याबिगर दाणा दळायचा कसा?" त्यांची बायको अक्काबाई चुलीपाशी भाकरी थापत हे ऐकायची.

आज आबा जेवायला बसले, तसं तिनं ताटाशेजारी दोन वाट्या सरकवल्या. "ह्यातलं कायबी एक घ्या, मगच भाकरी वाढते."

 

एका वाटीत कवळी होती, दुसरीत कोंबड्यांचे खडे.