चौदा तांबे

सांगून सांगून घसा कोरडा पडला, तरी वैजनाथरावांनी आतून खटका लावलाच. पासष्ट वर्षांचा माणूस, हृदयाच्या दोन नळ्या बंद, दहा वाजता दवाखान्यात भरती व्हायचं, उद्या ऑपरेशन. आणि या माणसाला आजच हॉटेलात दार लावून अंघोळ करायची हौस. सुशीलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी बंद दारालाच चार शब्द सुनावले.

परभणीला घरी एक शिस्त होती. दिवाळीत ते न्हाणीत चक्कर येऊन पडले, तेव्हापासूनची. दार नुसतं लोटायचं. सुशीलाबाई बाहेर पाटावर भाजी निवडत बसणार आणि आतले तांबे मोजणार, चांगले मोठ्याने. एका अंघोळीला चौदा तांबे. सातव्यानंतर साबण, तेवढी शांतता माफ. त्याहून लांबली की बाहेरून "अहो", आतून "हं". एवढ्यावर चार महिने निभावले होते.

इथे तांब्या नव्हता, बादली नव्हती. मुलाने, दिग्विजयने, हडपसरला त्याच्या आयटी कंपनीजवळचं हॉटेल घेतलं होतं, कारण तो स्वतः तिघा मित्रांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचा आणि तिथे आईबापांना टेकायला जागा नव्हती. काल आल्या आल्या सुशीलाबाईंनी खाली काउंटरवर बादली मागितली. तिथल्या मुलीने गोड आवाजात समजावलं की कंपनीचे पाहुणे शॉवरच पसंत करतात, परदेशातले कुणी आले तर टब मागतात, हवी तर टबची रूम देते. सुशीलाबाई म्हणाल्या, आमच्याकडे पाण्यात बसून राहायचं काम म्हशी करतात. मुलगी हसली. बादली काही आली नाही.

आता आत शॉवर चालू होता. एकसारखा. ना थांबणं, ना साबणाची विश्रांती. सुशीलाबाईंनी कान लावला. तांब्याने पाणी पडतं तेव्हा कळतं, ओतणारा हात शाबूत आहे. हे पाणी माणूस उभा असला काय, आडवा असला काय, पडतच राहणार.

भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली.

"अहो."

पाणी.

"अहो, ऐकू यायलंय का?"

पंधरा झाली. त्यांनी मूठ वळून दार वाजवलं, मग तळहाताने बडवलं. दिग्विजय कागदपत्रं घेऊन आधीच दवाखान्यात पुढे गेलेला. त्याला फोन लावावा तर सांगणार काय? तुझे वडील अंघोळीला गेलेत? त्यांनी खोलीतला फोन उचलून काउंटरचा नऊ नंबर दाबला.

कालचीच मुलगी. तिने विचारलं, "मॅडम, शॉवरला पाणी येत नाहीये का?"

"पाणी येतंय गं बाई. माणूस येत नाही."

मुलीचा गोड आवाज एकदम खाली आला. दोन मिनिटांत खोल्यांची साफसफाई बघणारा सुखदेव धावत आला. दाराच्या गोल मुठीत मधोमध बारीक खाच होती, ती सुशीलाबाईंना दिसलीच नव्हती. सुखदेवने खिशातून रुपयाचं नाणं काढून त्या खाचेत घातलं, फिरवलं, खटका सुटला. मग तो मागे सरला आणि म्हणाला, मावशी, आधी तुम्ही जा, मी इथेच दाराबाहेर आहे.

आत नुसती वाफ. काचेपलीकडे शॉवर एकटाच चालू होता, त्याच्याखाली कुणी नव्हतं. अलीकडे कमोडचं झाकण लावून त्यावर वैजनाथराव बसले होते. बनियन, पायजमा, गुडघ्यांवर दोन्ही हात. कोरडे ठणठणीत.

सुशीलाबाईंनी आधी बाहेर जाऊन सुखदेवला सांगितलं, जा बाबा, सगळं ठीक आहे. मग आत येऊन दार लोटलं.

"दार बडवलेलं ऐकू आलं नाही?"

"आलं," वैजनाथराव म्हणाले. "तोंडातून आवाजच निघेना."

"दुखतंय कुठे?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"तू बाहेर मोजतेस ना," ते हळूच म्हणाले, "अकरा, बारा, तेरा. ते आत मला रोज ऐकू येतं. रोज वाटतं, आता संपत आलं. आज म्हटलं, जरा वेळ न मोजलेला बसू."

सुशीलाबाई वळल्या, काचेपलीकडे गेल्या आणि शॉवर बंद करायला लागल्या. दांडी इकडे ओढली तर पाणी चटका बसेल इतकं गरम, तिकडे ढकलली तर बर्फासारखं. दवाखान्यासाठी नेसलेलं नवं पातळ खांद्यापासून कमरेपर्यंत भिजलं. शेवटी दांडी खाली दाबली तेव्हा ते थांबलं. खोली एवढी शांत झाली की दोघांचे श्वास वेगवेगळे ऐकू यायला लागले.

त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. तोंड भिंतीकडे ठेवूनच बोलल्या.

"दवाखान्यातून घरी आलात की मी मोजणार नाही. दार लावायचं तर खुशाल लावा. पण आत गाणं म्हणायचं. बेसूर चालेल, चुकलेलं चालेल. गप्प चालायचं नाही."