खोटी मेल

बेहेरे सरांची मेल वाचताच शर्वाणीने ती फसवी ठरवून सुरक्षा विभागाकडे धाडली. दिवाळीत कंपनीनेच परीक्षा म्हणून पाठवलेल्या ‘फुकट मिठाई’च्या खोट्या मेलवर तिने भाबडेपणाने क्लिक केलं होतं आणि अख्खा शनिवार सायबर सुरक्षेच्या वर्गात काढला होता. दुधाने तोंड पोळलेलं. आता ती ताकही फुंकून पीत होती.

तासाभरात सर तिच्या टेबलाशी हजर.

“तुझ्या तक्रारीवरून माझं अकाउंट बंद केलंय त्यांनी! अगं, तुझ्या बढतीची मेल होती ती! पत्ता माझा, नाव माझं, मग खोटी कशावरून वाटली?”

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले.

“सर,” शर्वाणी चाचरली, “पहिल्याच ओळीत तुम्ही ‘काम छान केलंस’ असं लिहिलं होतंत ना!”